व्हीलचेअर, वॉकर आणि माझा बदल-आराखडा

४ ऑगस्ट, सकाळी
अ‍ॅडमिशन मिळाली. एम.ए., 'सामाजिक बदलासाठी संस्था-विकास'. विमा कंपनीच्या ट्रेनिंग विभागात सव्वीस वर्षं लोकांना बदल शिकवला. कोणी बदललं नाही. चूक माझी नव्हती. माणसं एकेकटी बदलत नसतात, आधी संस्था बदलावी लागते, असं प्रॉस्पेक्टसच्या दुसऱ्याच पानावर आहे. मला हे आधीपासून माहीत होतं, फक्त कुठे छापलेलं नव्हतं. स्वेच्छानिवृत्ती घेतली ते बरंच केलं.

हिला कोर्स समजावून सांगितला. चहा गार होईपर्यंत तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, म्हणजे मीटिंगा. मी म्हटलं, नाही, प्रक्रिया. ती म्हणाली, मीटिंगांची.

संकल्प: कमी बोलायचं, जास्त ऐकायचं. रोज एक लेख वाचायचा. पोट कमी करायचं. (याचा कोर्सशी संबंध नाही, पण एकदा बदल म्हटला की बदल.)

११ ऑगस्ट
मुलगी त्याच युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीला आहे. तिची एकच अट: कँटीनमध्ये मी तिला ओळखत नाही. मान्य केली. गैरसमज नको म्हणून तिच्या टेबलापाशी जाऊन तिच्या मैत्रिणींना तसं स्पष्ट सांगूनही आलो. संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. अटीचं पालन घरातसुद्धा करते आहे. गुणी पोर.

वर्गात सगळी पंचविशीची. मी शिरलो तशी उभी राहिली. एकीने विचारलं, सर, आज आमच्या मॅडम येणार नाहीत का. व्यक्तिमत्त्व लपत नाही.

मॅडम माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. म्हणाल्या, संस्थेत गेल्यावर सुरुवातीला फक्त ऐका, सल्ला देऊ नका. मला हे इतकं पटलं की ऐकण्याचं महत्त्व या विषयावर मी चार शब्द बोललो. माझं संपलं तेव्हा तासही संपला होता.

२ सप्टेंबर
प्रॅक्टिकमसाठी, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामासाठी, संस्था मिळाली. डिग्री हवी तर ही संस्था बदलून दाखवायची. शेवटी मॅडम स्वतः येऊन संस्थेलाच विचारणार, काय बदललं म्हणून.

रुग्णांना लागणारं सामान घरी वापरायला फुकट देणारं केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, पलंग, कमोडच्या खुर्च्या. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या, दाराला उतार. चालवणारी माणसं दोन. एक रिटायर्ड नर्सबाई, एक बसडेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कित्येक महिने एकमेकांशी बोलणं नाही.

कारण ऐकून घेतलं. मेकॅनिक खुर्च्यांना तेल घालतात. नर्सबाई त्या जंतुनाशकाने धुतात. तेल जातं. मग हे पुन्हा तेल घालतात. मग तेल ओघळतं म्हणून त्या पुन्हा धुतात. त्यामुळे खुर्ची नेहमी एकतर ओली असते नाहीतर तेलकट. पेशंटला मिळत नाही.

केस हातातली आहे. दोन आठवडे तोंडाला कुलूप.

३ सप्टेंबर
कुलूप चहापर्यंत टिकलं. इलाज नव्हता. नर्सबाई मला म्हणाल्या, त्यांना सांगा, ती मोठी खुर्ची मी धुतली आहे. मेकॅनिक तिथेच, हाताच्या अंतरावर. मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांना सांगा, म्हणूनच ती करकरते आहे. मी तेही सांगितलं. थोडा खुलासा माझ्या पदरचा जोडला. मग दोघंही माझ्याकडे बघत राहिली. संवादाची सुरुवात झाली म्हणायची.

१० सप्टेंबर
एक गृहस्थ आईसाठी पलंग न्यायला आले होते. आई दवाखान्यातून दुपारी घरी येणार होती. नर्सबाई म्हणाल्या, पलंग तयार आहे. मेकॅनिक म्हणाले, तयार नाही, एका पायाचा बोल्ट ढिला आहे. गृहस्थ इकडे बघत, तिकडे बघत उभे राहिले आणि निघून गेले. त्यांना थांबवून संस्थेतल्या संघर्षाचे टप्पे सांगणार होतो, पण ते घाईत होते.

खोल्या डॉक्टरांच्या, त्यांनी फुकट दिलेल्या. त्यांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं. आत येऊन म्हणाले, माणसं अशी रिकाम्या हातानं परत जाणार असतील तर वर्षअखेर मला खोल्या परत द्या, एक्स-रे मशीन ठेवायचं आहे. नर्सबाईंचा चेहरा पडला. मेकॅनिकांच्या हातातला पाना तसाच राहिला. दोघांनाही काय वाटलं ते एकमेकांना सांगता येईना. मला फार वाईट वाटलं.

आता माझ्याशिवाय यांना कोणी नाही.

१५ सप्टेंबर
भिंतीवर बदल-आराखडा लावला. पाच टप्पे, चार रंगांचे मार्कर, मध्यभागी सूर्य. त्या भिंतीला व्हीलचेअर घड्या घालून टेकवायच्या असतात म्हणे. आता त्या मधोमध उभ्या असतात. येणारे लोक खुर्च्यांना वळसा घालतात आणि वळसा घालताना आराखडा वाचतात. हेच तर हवं होतं.

२१ सप्टेंबर, रविवार
घरीही संस्था-विकास करावा म्हणून कुटुंबाची मीटिंग बोलावली. विषय: पुढच्या पाच वर्षांत आपण कुठे असू. मुलगी म्हणाली, होस्टेलवर. ही म्हणाली, पाच वर्षांचं राहू दे, बाथरूमचा नळ गळतोय, प्लंबरला फोन कर. मी म्हटलं, नळ हे लक्षण आहे, मूळ शोधलं पाहिजे. तिने स्वतःच फोन केला. प्लंबरला मूळ लगेच सापडलं, वायसर होता.

निर्णय खालच्या पातळीवर घेतले जाऊ लागले आहेत. शुभचिन्ह.

२५ सप्टेंबर
व्हिजनचा व्यायाम घेतला. डोळे मिटा आणि तुमच्या स्वप्नातली संस्था पाहा. नर्सबाईंनी एक डोळा उघडा ठेवला, दाराशी कोणी आलं तर दिसायला हवं म्हणून. मेकॅनिकांनी दोन्ही मिटले ते व्यायाम संपल्यावरही उघडले नाहीत. बराच वेळ चिंतनात होते. घोरणं ही चिंतनाची खोल अवस्था असावी. याविषयी वाचायला हवं. (वाचायचे लेख बरेच साचलेत. उद्यापासून रोज दोन.)

२ ऑक्टोबर, दुपारी, पाय उशीवर
आज विश्वासाचा खेळ होता. एकाने डोळ्यांवर पट्टी बांधून व्हीलचेअरवर बसायचं, दुसऱ्याने ढकलायचं. दोघांनीही साफ नकार दिला. मग नेता पुढे होतो. हिची ओढणी डोळ्यांना बांधली, स्वतः बसलो आणि म्हटलं, आता दोघांनी एकेका बाजूने धरा, मी निर्धास्त आहे.

नर्सबाईंना वाटलं मेकॅनिकांनी धरलं आहे. मेकॅनिकांना वाटलं नर्सबाईंनी.

उतार चांगलाच आहे. खाली डॉक्टरांची स्कूटर होती.

घोटा मुरगळला. पण पुढचं महत्त्वाचं. नर्सबाई धावत आल्या आणि मेकॅनिकांना थेट म्हणाल्या, ब्रेक का नव्हता लावला. मेकॅनिक थेट म्हणाले, ब्रेक लागतोय कुठे, तुमच्या पाण्याने गंजलाय तो. त्या म्हणाल्या, मग आधी सांगायचं होतं. ते म्हणाले, कोणाला सांगणार, तुम्ही बोलत होतात का. नर्सबाई हळूच म्हणाल्या, बर्फ आणा. मेकॅनिकांनी दातांच्या दवाखान्यातून बर्फ आणला. निरोप्या लागला नाही.

कुबड्या तिथल्याच मिळाल्या. मेकॅनिकांनी माझ्या उंचीला कमी केल्या, नर्सबाईंनी काखेत हात घालून बघितलं, म्हणाल्या, अजून थोड्या. त्यांनी अजून थोड्या केल्या. मी म्हटलं, बघा, हाच तो विश्वास. दोघांनी मला रिक्षात घातलं.

खेळ शंभर टक्के यशस्वी.

९ ऑक्टोबर
हाडांच्या डॉक्टरांनी पाय टेकू नका सांगितलंय. घरून व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन चालू. काल कॉल उचलला तेव्हा फोन कमोडच्या खुर्चीवर ठेवलेला होता, मला फक्त छत दिसत होतं. मागून दोघांचा आवाज येत होता. सकाळी धुवायचं, दुपारभर उन्हात ठेवायचं, संध्याकाळी तेल, आणि तेलानंतर पाण्याचा थेंब लावायचा नाही. नर्सबाई म्हणाल्या, पण सीट मी रोज पुसणार. मेकॅनिक म्हणाले, सीटला तेल नसतंच, खुशाल पुसा. एवढ्यात मिटलं.

माझ्या आराखड्यात हा चौथा टप्पा आहे. ती दोघं दुसरा आणि तिसरा गाळून गेली, ते मला पटलं नाही. छताला तसं सांगितलं.

१८ ऑक्टोबर
नर्सबाई आणि मेकॅनिक भेटायला आले. एकाच रिक्षातून, सफरचंदं घेऊन. पलंग न्यायला आलेले ते गृहस्थ पुन्हा आले होते, पलंग घेऊन गेले, आई बरी आहे. एक्स-रे मशीनचं डॉक्टरांनी लांबणीवर टाकलंय. ऐकून डोळे भरून आले. खरंच आले.

मग मेकॅनिक म्हणाले, साहेब, तुम्ही शिकवल्याप्रमाणे आम्ही मीटिंग घेतली. प्रत्येकाने मत मांडलं, मध्ये कोणी बोललं नाही, शेवटी हात वर केले. ठराव एकमताने झाला. मी विचारलं, कोणता. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही विश्रांती घ्यायची. मी म्हटलं, किती दिवस. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेकॅनिक म्हणाले, मुदत नाही घातली.

किती काळजी करतात. हिने दोघांना आग्रहाने दुसरा चहा दिला. एरवी पाहुण्यांना देत नाही.

२४ नोव्हेंबर
आज मॅडम केंद्रावर गेल्या होत्या. मी कुबड्या घेऊन येतो म्हणत होतो. त्या म्हणाल्या, नको, विश्रांतीचा ठराव झाला आहे असं कळलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी केंद्राला विचारलं, बदल कसा झाला. नर्सबाईंनी सांगितलं, आमचं कशावरच एकमत होत नव्हतं, मग एका विषयावर झालं, तिथून सवय लागली. मॅडमनी विचारलं, कोणता विषय. मेकॅनिक म्हणाले, ते साहेबांना सांगू नका, मनाचे चांगले आहेत. मॅडमनी मला खरंच सांगितलं नाही. गोपनीयता हे या क्षेत्राचं मूल्यच आहे.

निकाल: 'संस्था सल्लागाराशिवाय निर्णय घेऊ लागली' यात पूर्ण मार्क. आजवर कोणाला मिळाले नव्हते म्हणाल्या. 'ऐकून घेणे' या पेपरात नापास. पुढच्या बॅचबरोबर पुन्हा द्यायचा. म्हणजे डिग्री एक वर्ष पुढे. हिला सांगितलं. ती म्हणाली, एका वर्षात होईल का.

मुलगी पहिल्यांदाच आपणहून जवळ बसली. म्हणाली, बाबा, कँटीनमध्ये ये एकदा, चहा पिऊ. फक्त चहा. संस्थेविषयी नाही.

६ डिसेंबर
पाय बरा. कुबड्या परत द्यायला गेलो. आराखडा काढलाय, भिंतीला खुर्च्या नीट टेकवल्यात. कोरड्या, आणि करकर नाही. नर्सबाई आणि मेकॅनिक एका पलंगाची दोन टोकं धरून वाद घालत होते, आधी दारातून डोकं काढायचं की पाय. वाद चालू असताना पलंग बाहेरही गेला.

एवढ्यात एक बाई सासूबाईंसाठी वॉकर मागायला आल्या. रिकामा मीच होतो. त्यांना आधी संस्थेची पार्श्वभूमी दिली. मग बदलाचे टप्पे सांगायला घेतले. दुसऱ्या टप्प्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही इथे काम करता का.

मी तोंड उघडायच्या आत नर्सबाई आणि मेकॅनिक, एक पलंगाच्या डोक्याकडून, एक पायाकडून, एकाच वेळी म्हणाले, नाही.

इतकी एकवाक्यता मी आजवर कुठल्याही संस्थेत पाहिलेली नाही. वॉकर बाईंच्या रिक्षापर्यंत मी नेऊन दिला. चुकीच्या मापाचा निघाला.