आधी हातमोजे

सँ-त्रेफ्ले,
४ फेब्रुवारी १९९०

ती. सौ. फ्लोरेतताईस,
ओविदचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये असल्याचं कळलं. या वयात पायरीवरचा बर्फ फावड्याने काढायला तुला सांगितलं होतं कोणी?

इकडे आमच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंगणाचं छप्पर बर्फाच्या ओझ्याने खाली बसलं आणि मुलांची हॉकी यंदा बुडाली. म्हणून फादरनी पत्त्यांची हॉकी काढली आहे, आणि ती शिकवायला चर्चच्या तळघरात मला बसवलंय. चौथीपुढे शाळा न बघितलेला मी मास्तर झालो, हस आता. पास, फटका, अडवणूक अशी पानं असतात आणि एक पान ठोशाचं. ठोसा लागला की समोरच्याचं सगळ्यात भारी पान बाद. पण मारामारीला बर्फावरचाच नियम: दोघांनी आधी हातमोजे टाकायचे, म्हणजे हातातली पानं टेबलावर उघडी ठेवायची. समोरच्याने टाकले नसताना मारलं, तर डाव गेला.

बाकीचे मास्तर पास शिकवतात, मी ठोसा शिकवतो. माझी नात नोएमी नऊ वर्षांची, पण पान असं आपटते की टेबलावरचे पेले उडतात. काल तिने विचारलं की आजोबा, तुम्ही खरंच एका माणसाचा डोळा फोडलात का. मी सांगितलं की हो, पण हातमोजे टाकून, समोरासमोर. राग मानू नकोस, लेआंद्र भावोजींचं नाव घेतलं नाही.

सामने तीन मार्चला तुमच्याच गावी आहेत. पाय जप, आणि धाकट्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
ओविद


लाक-ओ-ब्रोशे,
११ फेब्रुवारी १९९०

चि. ओविद यास,
अ. उ. आशीर्वाद, वि. वि.

मास्तर, तुमचं पत्र वाचताना हसून हसून वाटाण्याचं सूप सांडलं. डाग दिसतोय ना?

आता माझी बातमी ऐक. आमच्या गावच्या मुलांना आमचे हे शिकवतात. एका डोळ्याने पत्ते दिसतात का म्हणून मी छेडलं, तर म्हणाले की समोरच्याचे पत्ते बघायचेच नसतात, हात बघायचे असतात. शेजारची झोझियान यांची लाडकी. दहा वर्षांची आहे, पण महा दांडगी.

ओविद, १९५१च्या त्या सामन्यानंतर दोन्ही संघ रांगेत उभे राहून हात मिळवत होते, तेव्हा हे रुग्णालयात होते. तो एक हात मिळवायचा राहिला तो राहिलाच. उन्हाळ्यात आमचं लग्न झालं, तू आला नाहीस. मी तुला लिहिते, हे पाकिटाला तिकीट चिकटवून देतात, पण तुझं नाव तोंडाने घेत नाहीत. मी सदुसष्टची झाले. तुम्ही दोघं एकदा माझ्या टेबलावर बसून जेवलात की मला दुसरं काही नको. सामने संपले की मुलं हात मिळवतील, त्या रांगेत तूही उभा राहा. नियमाने झालेली मारामारी होती, त्यात लाज कसली? माझा पाय असा, मला येता यायचं नाही. तू मात्र एवढं कर.

थंडी उणे तिसाला टेकली आहे, कानटोपी घाल. म्हातारीची आठवण असू दे.

तुझी,
ताई


सँ-त्रेफ्ले,
४ मार्च १९९०

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रांग लागलीच नाही. लोकांनी तुला काय काय सांगितलं असेल देव जाणे, म्हणून मीच लिहितो.

शेवटचा डाव नोएमी आणि झोझियानचा. बरोबरी होती. नोएमीने ठोशाचं पान आपटलं. झोझियान किंचाळली की माझी पानं अजून हातात आहेत, दिसत नाही का गं आंधळे. नोएमीने आईची शपथ घेतली की हिने टाकली होती, आणि घाबरून परत उचलली. पंच म्हणून शाळेच्या बाई होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मला विचारलं, कारण मी खुर्चीला खुर्ची लावून बसलो होतो. मी बघितलं होतं, ताई. पानं त्या पोरीच्या मुठीत होती, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली. आणि माझ्या तोंडून निघालं की टाकली होती.

झोझियान टेबलावरूनच नोएमीच्या अंगावर आली. पहिल्या ठोशात नोएमीचा दात पडला. नोएमीने पत्त्यांचा पत्र्याचा डबा उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. ती खाली बसली, तरी पुन्हा हाणला. डावी भुवई फुटली. पानांवर रक्त, माझ्या बाहीवर रक्त. मग पोरींचे बाप उठले. खुर्च्या हवेत गेल्या, एकाने दुसऱ्याचं नाक भिंतीवर आपटलं, मध्ये पडलेल्या फादरच्या बरगडीत कोपर बसलं. पासष्टाव्या वर्षी माझ्याही मुठी वळल्या होत्या.

त्या हाणामारीत एकच माणूस जमिनीवर बसून होता. लेआंद्र भावोजी. पोरीच्या डोळ्यावर रुमाल दाबून धरला होता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. बोलले नाहीत. तेव्हाही बोलले नव्हते.

मी टेबलावर चढलो आणि ओरडून सांगितलं की पोरीने हातमोजे टाकलेच नव्हते, मी खोटं बोललो. कप तुमच्या गावाला गेला. परत येताना गाडीत नोएमी सुजल्या तोंडाने म्हणाली की मग आजोबा, तुमच्या त्या माणसाने तरी टाकले होते का. त्याचं उत्तर आधी तुला देतो.

नव्हते टाकले. आमच्यावर नुकताच गोल झाला होता, सगळे तिकडे बघत होते. भावोजी काठीवर रेलून दम खात होते. मी माझे हातमोजे टाकले आणि बाजूने मारलं. पडल्यावर आणखी चार. मग लोक धावत येताना दिसले, तेव्हा वाकून त्यांच्या हातातले हातमोजे मी ओढून काढले आणि बर्फावर फेकले, सगळ्यांना दिसतील असे.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

ओविद


लाक-ओ-ब्रोशे,
९ मार्च १९९०

ओविद,

आशीर्वाद मागाहून.

पत्र यांना वाचून दाखवलं. हे चुलीत लाकूड सारत होते. वर न बघता म्हणाले की हातमोजे माझ्याच हातात होते, मला ठाऊक नसेल का. मी विचारलं की मग एकोणचाळीस वर्षं मूग गिळून का बसलात. तर म्हणाले की सांगितलं असतं तर तू भाऊ टाकला असतास. एक डोळा गेला तेवढं पुरे होतं. मी हातातली पळी फेकून मारली. कपाळाला चांगलं टेंगूळ आलंय, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही दोघांनी मिळून मला येडी ठरवलंत. पोरांना मी सांगत आले की मामाने मारलं खरं, पण नियमाने मारलं.

झोझियानला पाच टाके पडले, डोळा वाचला. तिचा निरोप आहे की त्या दातपडकीला पाठवा, डाव अर्धा राहिलाय, फक्त डबा घरी ठेवून ये म्हणावं.

रविवारी नोएमीला घेऊन ये. हात मिळवायला हे दारात उभे राहणार आहेत. पण यांच्या पुढे मी असेन, कुबडी लावून. तुला एक सणसणीत मुस्काटात द्यायची आहे, आणि ती नियमाने द्यायची आहे. मी गरम भांडी धरायचा भट्टीचा हातमोजा काढून ठेवीन. तूही तुझे दारातच काढ, माझ्या डोळ्यांदेखत.

मग सूप.

लोभाचं तुझा गाल लाल झाल्यावर बघू.

तुझी,
ताई