एका वर्तुळात दोन भाऊ

२ मार्च

बोट कापलं. तारेवर उडवायच्या छोट्या विमानाचं इंजिन सुरू करताना पंखा बोटानेच फिरवला. ताईने त्यासाठी काठी दिली होती, ती मी बाजूला ठेवली. इंजिनाने उलटा झटका दिला आणि तर्जनी हाडापर्यंत उघडी! रक्त विमानाच्या पंखांवर, माझ्या बुटांवर. ताईने रुमाल करकचून आवळला. "काठी कशाला दिली होती? दात कोरायला?"

ही आम्हा दोघा भावांहून थोरली. हिच्यापुढे माझं वक्तृत्व कधी चाललं नाही.

५ मार्च

हे का शिकतोय ते निदान इथे तरी लिहावं.

दादा कारखान्याचा व्यवस्थापक. मी त्याच कारखान्यातल्या संघटनेचा पुढारी. त्याने एका सहीत अख्खं पॉलिश खातं बंद केलं, माणसं रस्त्यावर आणली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. गेल्या महिन्यात ताईच्या क्लबच्या मैदानावर चारचौघांत तो म्हणाला, "आमच्या वक्त्यांना नुसतं तोंड दिलंय देवाने. हातांनी काही करून दाखवा म्हणावं."

तारेच्या विमानांच्या झुंजीत दादाला कोणी हरवलेलं नाही. झुंज म्हणजे दोघांनी एकाच वर्तुळाच्या मधोमध खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. प्रत्येकाच्या मुठीत हँडल, हँडलपासून निघालेल्या दोन पोलादी तारा, तारांच्या टोकाला किंचाळत घिरट्या घालणारं विमान. मागे कागदी शेपूट. दुसऱ्याचं शेपूट आपल्या पंख्याने कापायचं.

मी त्याचं कापणार. मे महिन्यातल्या स्पर्धेत. सगळ्यांसमोर!

९ मार्च

विमानाचा चक्काचूर. चूकही अशी की दुसरा कोणी करणार नाही!

मनगट वर केलं की विमान वर, खाली केलं की खाली. दोन फेऱ्या झकास झाल्या. तेवढ्यात मनात दादाला उद्देशून एक वाक्य जुळलं — जुळलं की माझी मूठ वर जाते. इतक्या वर्षांची सवय! विमान सरळ आभाळात, उलटं झालं आणि धाडकन नाकावर.

"कुणाला भाषण देत होतास?" ताई तुकडे वेचत म्हणाली. "इथे मूठ आवळायची, उगारायची नाही."

बंडांचे इतिहास कोळून प्यालो. मूठ उगारू नये असं एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही.

१६ मार्च

आज उडवू दिलंच नाही. नुसत्या तपासण्या. मैदानाजवळ विजेच्या तारा नाहीत ना? आपल्या तारांना पीळ नाही ना? जोडणी उलटी नाही ना — नाहीतर वर म्हणताना विमान खाली. मग ताईने विमान धरलं, मी हँडल, आणि खांदा निखळेल इतक्या जोराने ओढून पाहिलं.

शेवटी मनगटाचा पट्टा. हँडलला शिवलेला. "बोटं सुटली तरी विमान सुटता कामा नये. सुटलं की ते सरळ जातं. माणसांत. त्यापेक्षा गोळी परवडली, ती निदान लहान असते."

झुंजीची पंच ताईच; पट्टा पाहिल्याशिवाय ती सुरुवातीचा झेंडा खाली करत नाही. दादासाठीही नाही.

२ एप्रिल

टाकी संपेपर्यंत उडवलं! मग गरगरून मैदानातच ओकलो. आनंद!

१४ एप्रिल

कारखान्याच्या फाटकावर सभा. असा बोललो की माझंच अंग पेटलं. संध्याकाळी दादाच्या घरावर दगड. काचा फुटल्या. एक दगड वहिनीला लागला. भुवई फाटली, डोळा थोडक्यात वाचला.

दगड मी मारला नाही. मारा असंही म्हटलं नाही. म्हटलं ते एवढंच, "ज्यांनी आपल्या चुली विझवल्या त्यांना सुखाची झोप लागता कामा नये." हे वाक्य मी मागे घेणार नाही. अन्याय गोड शब्दांत सांगणारा अन्यायाचाच नोकर!

वहिनीला भेटायला जायला हवं. निघालो. कोपऱ्यावरून परत आलो.

१५ एप्रिल

ताई स्पर्धा रद्द करायला निघाली होती. दादानेच अडवलं. ताईजवळ त्याचा निरोप — "येऊ दे त्याला. आणि त्याच्या माणसांनाही आणू दे."

आणतोच!

९ मे

ताईने हिरवा कंदील दाखवला. झुंज उद्या.

१० मे

ओठांत टाके. वरचे दोन दात गेले. जबडा बांधलाय. हात चालतोय म्हणून लिहितो.

माझी माणसं दोरापलीकडे पहिल्या रांगेत उभी. "भाऊ, कापा शेपूट!" मागून कोणीतरी, "मुळापासून कापा!" हशा. ताईने दोघांचे पट्टे ओढून पाहिले. झेंडा पडला.

दादाने पहिल्याच फेरीत कोपर बरगडीत घातलं. मी टाच त्याच्या पावलावर रोवली. विमानं एकमेकांवर तुटून पडत होती. तारा एकमेकींवर घासून करकरत होत्या. मग माझा पंखा लागला — त्याच्या शेपटाचा तुकडा उडाला! माणसं नाचताना दिसली. ऐकू काही आलं नाही.

आणि त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. मनगटावर पट्टा नव्हता. हँडलखाली नुसता लोंबत होता. विमान आमच्या माणसांच्या बाजूला आलं की त्याची बोटं सैल पडायची. घामाने निसटत असणार!

ओरडलो, "दादा! पट्टा!" हजारोंची सभा हलवणारा आवाज. दोन इंजिनांपुढे माझा मलाच ऐकू आला नाही.

मी माझं विमान जाणूनबुजून जमिनीत घातलं. दोन्ही हातांनी त्याची मूठ हँडलसकट आवळली. त्याने डाव्या हाताने तोंडावर ठोसा मारला. पुन्हा मारला. "सोड!" — एवढं ओठांवरून कळलं. दात जिभेवर आले. सोडलं नाही. टाकी संपेपर्यंत दोघे एका हँडलला लटकून गरगर फिरत होतो, तो मारत, मी रक्त गिळत.

विमान खाली टेकलं तशी माणसं दोर तोडून आत घुसली. दादाला पाडलं. लाथा. ताई मधे शिरली, झेंड्याच्या काठीने दिसेल त्याला झोडपत. तोवर त्याचा गुडघा गेला होता.

निकाल — मी बाद. प्रतिस्पर्ध्याला हात लावला म्हणून.

१२ मे

माणसं भेटायला आली. "भाऊ, तुम्ही साहेबाला काय धरलंत! मग आम्ही धुतला!"

बोलता येत नाही. पाटीवर लिहून दाखवलं — त्याचा पट्टा सुटला होता. विमान तुमच्या अंगावर आलं असतं. म्हणून धरलं.

वाचून सगळे हसले. "आमच्यापाशी कशाला सारवासारव, भाऊ?"

१५ मे

दादा आला. कुबडीवर. बस म्हणून खूण केली, बसला नाही. मी पाटीवर लिहिलं — पट्टा सुटला होता. तेच सांगत होतो तुला.

त्याने वाचलं. खिडकीबाहेर माझी माणसं उभी होती, त्यांच्याकडे बघत म्हणाला, "सुटला नव्हता. मी काढला होता."