ढोल्या वर का येतो

मंगळवार, ३ नोव्हेंबर
ढोल्याचा प्रश्न आजपासून मी हातात घेतला. म्हणजे सुटलाच. कुत्रं म्हातारं झालंय, मागचे पाय ओढतं, हॉलमध्ये उभं राहायला गेलं की चार पाय चार दिशांना. यावर घरातल्यांचा उपाय काय, तर हळहळणे. बायको हळहळते. सासरे एका हातात काठी आणि दुसरा हात भिंतीला, असे येतात आणि तेही हळहळतात. मी कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख उगाच झालेलो नाही. हळहळून आजवर एकही बंद मशीन सुरू झालेलं नाही.

बुधवार, ४ नोव्हेंबर
ढोल्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. वयाने कॉलेजातली वाटते. पेशंटला टेबलावर घ्यायचं सोडून स्वतःच जमिनीवर बसली. शिस्त नाही. सांध्यांचं दुखणं आहे म्हणाली, गोळ्या दिल्या. मग विचारलं, घरात फरशी कशी आहे. मी अभिमानाने सांगितलं, आरशासारखी. गेल्या वर्षी मी स्वतः निवडली, वाकून पाहिलं तर आपले दात दिसतात. तिचा चेहरा पडला. चटया टाका म्हणाली.
एवढी फरशी बसवली ती चटयांनी झाकायला? सौंदर्यदृष्टी कॉलेजात शिकवत नाहीत. बायकोने लगेच मान डोलावली. ती सगळ्यांपुढे मान डोलावते, मला सोडून.

गुरुवार, ५ नोव्हेंबर. संध्याकाळ
एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो. ढोल्या रोज संध्याकाळी जिना चढून वर माझ्या खोलीत येतो. पायरीपायरीला थांबतो, धापा टाकतो, पण येतो. माझ्या खुर्चीशेजारी अंग टाकतो आणि लांब सुस्कारा सोडतो. खाली बायको असते, सासरे असतात. त्यांच्याजवळ थांबत नाही.
आणि खोली काय आहे माझी? फरशीचा माल कमी पडला म्हणून तेवढी राहिलेली. खाली कोबा, वर जुना, विटका, जाडाभरडा गालिचा. तरी येतो. म्हणजे खोलीसाठी येत नाही, हे उघड आहे. कुत्र्याला माणसाची पारख असते. हे बायकोला सांगितलं. ती हं म्हणाली. जळते.

शनिवार, ७ नोव्हेंबर
बायकोची सूचना: संध्याकाळी तुम्हीच खाली हॉलमध्ये बसा. हॉलमध्ये सासरे बातम्या लावतात, त्याही शेजाऱ्यांना ऐकू जातील अशा आवाजात. शिवाय घरातल्या कर्त्या माणसाने कुत्र्यासाठी जागा बदलायची? मग उद्या त्याच्या भांड्यात जेवू का?
निर्णय: जिन्यावर रॅम्प. मीच बनवणार.

रविवार, ८ नोव्हेंबर
रॅम्प तयार. जिन्याच्या वळणापर्यंत. वरून सनमायका चिकटवला, कारण फिनिशिंग नसलेली वस्तू मी घरात ठेवत नाही.
ट्रायल. ढोल्याने वास घेतला, पाय ठेवले, जरा वर गेला आणि बसल्या बसल्या परत आला. पुन्हा तेच. त्यानंतर तो जवळच येईना. मग मी स्वतः रांगून दाखवलं. सासऱ्यांनी त्यासाठी बातम्या बंद केल्या. मीही परत आलो, जरा जास्त वेगात.
रॅम्पमध्ये दोष नाही. वापरणाऱ्यांचं ट्रेनिंग कमी पडतंय.

बुधवार, ११ नोव्हेंबर
रॅम्प काढला. तात्पुरता. रबरी तळव्याचे मोजे मागवले होते, ते आले. घालताना ढोल्या माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मला कारखान्यातले कामगार आठवले. एक मोजा त्याने चावून टाकला. बाकीचे सोफ्याखाली सापडले.
बायको पुन्हा चटयांचं बोलली. चटयांत धूळ साठते, हे मी तिला पुन्हा समजावलं. समजावून समजत नाही, हा तिच्या माहेरचा गुण आहे.

शनिवार, १४ नोव्हेंबर
पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या, असंही डॉक्टरीणबाई म्हणाली होती. दिला. वळणावर माझी कंबर धरली. मी तिथेच बसलो. ढोल्या टॉवेलसकट वर गेला, मागे वळूनही पाहिलं नाही. वर माझी वाट बघत असणार, म्हणून घाई.
बायकोने मलम चोळलं. हसत होती. तोंड दिसत नव्हतं, पण हात हलत होता.

बुधवार, १८ नोव्हेंबर
ढोल्या जिन्यावरून पडला. वळणापासून खालपर्यंत. असा आवाज त्याने कधी काढला नव्हता. मी धावत गेलो. त्याचे पाय थरथरत होते. मी फार घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.
हाड मोडलेलं नाही. मुका मार. डॉक्टरीणबाई म्हणाली, जिना कायमचा बंद. पुन्हा पडला तर उठणार नाही. माझ्याकडे बघून म्हणाली. जणू मीच ढकललं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर
रात्रभर विचार केला. बिचारा माझ्या ओढीने जीव धोक्यात घालतो. तेव्हा त्याग मीच करायला हवा. उद्यापासून संध्याकाळी हॉलमध्ये बसणार. बातम्यांसह. सासऱ्यांसह. एवढा मोठेपणा या घरात दुसऱ्या कोणाला जमला नसता.

शुक्रवार, २० नोव्हेंबर
खुर्ची खाली आणली. ढोल्याला हाक मारली. त्याने मला पाहिलं. नीट पाहिलं. मग घसरत, पाय फाकवत, भिंतीला चिकटून तो जिन्याकडे गेला आणि चढायला लागला.
मी खाली होतो. पुन्हा हाक मारली. थांबला नाही. बायकोने धावत जाऊन त्याला पोटाशी धरून उतरवलं.
मी म्हणालो, मी खाली आलोय हे अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही. ती म्हणाली, चांगलं लक्षात आलंय. तो तुमच्यासाठी वर येतच नव्हता. गालिच्यासाठी येत होता. पाय रोवून उभं राहता येईल अशी या घरात तेवढी एकच जागा उरली आहे. सासरे टीव्हीकडे बघत म्हणाले, दोघांनाही वर जाता आलं असतं तर बरं झालं असतं.
दोघांनाही म्हणजे कोण, मी विचारलं नाही.

शनिवार, २१ नोव्हेंबर
बायकोशी बोलणं बंद. तिचा आरोप खोटा पाडण्याचा शास्त्रीय मार्ग एकच: गालिचा खाली, मी वर. मग बघू कोण कोणासाठी येतो. गालिचा उतरवला. माझी आरशासारखी फरशी अर्धी झाकली गेली. प्रयोगासाठी सोसलं.

रविवार, २२ नोव्हेंबर
वर कोब्यावर खुर्ची टाकून बसलो. दार उघडं ठेवलं. वरून हॉल दिसतो. ढोल्या गालिच्यावर पहिल्या झटक्यात उभा राहिला. स्वतःभोवती फिरला, शेपूट हलवली, पसरला. सासरे गालिच्यावरून चालत खुर्चीपर्यंत गेले. हात भिंतीला नव्हता.
बराच वेळ बसलो. जिन्यावर नखांचा आवाज आला नाही.
पाणी प्यायचं म्हणून खाली उतरलो. गालिच्याच्या मधोमध ढोल्या. कडेला बसलो, निम्मा गालिच्यावर, निम्मा फरशीवर. फरशी भलतीच गार आहे. त्याला जरा सरक म्हणालो, सरकला नाही. थोड्या वेळाने त्याने हनुवटी उचलून माझ्या पावलावर ठेवली आणि तोच लांब सुस्कारा सोडला.
मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, उशीएवढी उंची आहे ना, म्हणून.
असेल. पायाला मुंग्या आल्यात. हलवलेला नाही.