न तुटलेला पूल आणि तुटलेलं टेबल

तीर्थरूप मामा,

नमस्कार. तो मनापासूनच आहे. कोपरापासून करायचा म्हटला तरी सध्या जमणार नाही, कारण डावा कोपर पट्टीत बांधलेला आहे. (उजवा शाबूत आहे, त्यामुळे अक्षर नेहमीइतकंच वाईट.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? तुम्ही अजून शिडीवर चढता असं तुमच्या धाकट्याकडून कळलं. या वयात चढू नये असं लिहिणार होते, पण आठ दिवसांपूर्वी मी स्वतः चारचौघांत जशी जमिनीवर आपटले, ते पाहता उपदेश करायचा अधिकार मला उरलेला नाही. घाबरू नका, हाड मोडलेलं नाही. मोडलं ते टेबल, आणि त्याचीच हकीकत सांगायला बसले आहे.

आमची शाळा सरकारी, सत्त्याऐंशी वर्षांची, आणि पहिल्या दिवसापासून विज्ञान नि अभियांत्रिकीची. इथली मुलं जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण अडकलं तर ते उघडत नाहीत, आतल्या हवेच्या दाबावर वाद घालतात आणि घंटा झाली की उपाशी वर्गात जातात. तळमजल्यावर आमची कार्यशाळा. एकोणीस लांब टेबलं, सहा लेथ, एक भट्टी, आणि गेली बावीस वर्षं मी. (पहिल्याच वर्षी मुलांनी मला ‘रंधाबाई’ नाव ठेवलं. आता पालकसभेत पालकही तसंच म्हणतात आणि मग जीभ चावतात.) तर गेल्या महिन्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं, की कार्यशाळा कालबाह्य झाली आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी तपासनीस येत आहेत. खात्याला त्या जागेत संगणकांची पाचवी खोली हवी आहे. चौथीचं कुलूप अजून उघडलेलं नाही, पण ते असो. पत्र वाचून मी धार असलेल्या पटाशांनाही पुन्हा धार लावत बसले. मला दुसरं काय येतं, मामा? पटाशीला धार लावणं आणि मुलांची बोटं शाबूत ठेवणं, एवढंच.

आमच्या मुख्याध्यापकांनी मात्र कंबर कसली. (त्यांना मुलं ‘स्थिरांक’ म्हणतात, कारण इतक्या वर्षांत त्यांच्यात काहीही बदललेलं नाही, कोटसुद्धा.) त्यांनी ठरवलं, की वर्षातून एकदा होणारी पुलांची चाचणी तपासनिसांच्या देखतच घ्यायची. चाचणी साधी असते. बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्या, सरस आणि दोरा एवढ्यावर मुलांनी मीटरभर लांबीचा पूल करायचा. तो दोन टेबलांच्या मध्ये टेकवायचा, वर फळी ठेवायची आणि फळीवर वजनं चढवत न्यायची. वीस-पंचवीस किलोला पूल काडकन मोडतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि ‘पूल तुटला तेव्हाचे वजन’ या रकान्यात आकडा पडतो.

तपासनीस आले. शांत, सडपातळ, दोन पेनं बाळगणारे गृहस्थ. अकरा पूल रीतसर मोडले, अकरा आकडे पडले. बारावा पूल अकरावीतल्या तीन मुलींचा होता. त्यातली चष्मेवाली म्हणजे काय चीज आहे ते सांगते: एक सांधा अर्धा मिलिमीटर सरकला म्हणून तिने तीन आठवड्यांचा तयार पूल स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला होता, आणि बाकीच्या दोघी तिच्याशी चार दिवस बोलत नव्हत्या. वजनं चढू लागली. तीस, चाळीस, साठ. शाळेतली वजनं संपली, पूल करकरलासुद्धा नाही. भट्टीजवळची ऐरण आणून ठेवली. पूल ढिम्म.

“तुटला कधी म्हणून लिहू?” तपासनिसांनी विचारलं.

“तुटला नाही असं लिहा,” मी म्हटलं.

“तसा रकाना नाही.”

तेवढ्यात स्थिरांक पुढे झाले आणि म्हणाले, वजनं उतरवा, मी बसतो. चष्मेवाली खडू घेऊन फळ्याशी गेली.

“सर, तुमचं वजन?”

“शंभरच्या आसपास धर.”

“हिशेबाला नक्की आकडा लागेल, सर.”

सबंध कार्यशाळेने कान टवकारले. लेथ चालू असता तर कुणीतरी बंद केला असता. “एकशे सात,” स्थिरांक म्हणाले, खाली बघत. तिने तो आकडा फळ्यावर वीतभर मोठा लिहिला.

स्टुलावर पाय देऊन ते फळीवर बसले. तोल सांभाळायला मी हात धरला होता (हीच माझी चूक). पूल चार मिलिमीटर वाकला (चष्मेवालीने पट्टी लावून मोजलं), आणि थांबला. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तिथेच उतरायचं ना माणसानं? पण समोर श्रोते, खाली पूल. स्थिरांकांनी बसल्या जागी कार्यशाळेच्या उज्ज्वल परंपरेवर भाषण सुरू केलं, आणि तेही हातवारे करत. तपासनीस वाकून पुलाची खालची बाजू न्याहाळत होते. ‘या कार्यशाळेचा पाया’ इथपर्यंत भाषण आलं, आणि डाव्या टेबलाचा पाय मोडला.

स्थिरांक गेले, हात धरलेली मी गेले, आणि तपासनीस तर खाली होतेच. माझा कोपर ऐरणीवर बसला. धूळ खाली बसली तेव्हा तपासनीस भुईवर मांडी घालून बसलेले दिसले, डोक्यावर भुसा, आणि मांडीवर पूल. अख्खा.

“पूल बघा आधी!” चष्मेवाली ओरडली, आणि मग चेहरा पाडून म्हणाली, “सर, लागलं का?”

“क्रम बरोबर होता तुझा,” स्थिरांक आडव्यानेच म्हणाले.

तपासनिसांनी कपडे झटकले, पट्टी मागून घेतली, तक्त्यात एक नवा रकाना आखला आणि त्यात ‘तुटला नाही’ असं लिहिलं. मला भरून आलं. मग शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं: ‘टेबले धोकादायक. कार्यशाळा तात्काळ बंद करावी.’ मी एका हाताने जमिनीवरच्या ढलप्या वेचत बसले. तेव्हा त्या चष्मेवालीने अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, “साहेब, मग टेबल दुरुस्त कुठे करायचं?” कारण शाळेचं लाकडी सामान शाळेच्याच कार्यशाळेत दुरुस्त करावं, असा खात्याचा नियम आहे, आणि तो आमच्या भिंतीवर खात्यानेच लावला आहे. तपासनिसांनी तो दोनदा वाचला. मग शेरा खोडून नवा लिहिला: ‘टेबलांची दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत कार्यशाळा चालू ठेवावी. पूर्ण होताच कळवावे.’ खाली सही, तारीख.

तर आता आम्ही दुरुस्ती करतो आहोत. शेऱ्यात ‘टेबलांची’ असं अनेकवचन आहे, म्हणजे एकोणीसही आली. पहिल्या टेबलाच्या पहिल्या पायाचा आराखडा मुलींनी तिसऱ्यांदा काढला. मी त्यांना घाई करू देत नाही. मुलांना उतावीळपणा शिकवणं बरं नव्हे.

मामींना नमस्कार, आणि शिडी कुणाला तरी देऊन टाका.

तुमची भाची

ता. क. तुम्ही चाळीस वर्षं लाकडाची वखार चालवलीत, तुमच्या शब्दाला वजन आहे. वखारीच्या छापील कागदावर एवढंच लिहून पाठवा, की अशा टेबलांना लागणारं लाकूड नीट सुकायला तीन वर्षं तरी लागतात. खोटं लिहू नका. पण जितकं सुकेल तितकं चांगलं, हे खोटं कुठे आहे?

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार, तोच तपासनिसांची खासगी चिठ्ठी आली. त्यांची मुलगी सहावीत आहे, घरातली सगळी खेळणी खोलून बसते, आणि तिला आमच्याच शाळेत यायचं आहे. दुरुस्ती साधारण कधी संपेल, असं त्यांनी काळजीने विचारलं आहे. तेव्हा मामा, तीन वर्षं पुरणार नाहीत. सात लिहा.