मॉडेलमधले दुकान

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून टेबलाशी बसवलेले नाही, आणि रक्तदाबाच्या एका गोळीपलीकडे पोटात कुठलेही औषध नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या खिडकीचा पडदा उलट्या बाजूने शिवलेला आहे हेही सांगितले. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

माझी सारी कमाई एकाच दुकानातली आहे, म्हणून दुकानाबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. मी कामाला लागले तेव्हा ते थोरल्या मालकांचे तीन मजली कापडाचे दुकान होते. निवृत्त झाले तेव्हा सहा शहरांत अकरा दालने होती, दुकानाचे स्वतःचे हप्ता कार्ड होते आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर जमीन विभाग होता. थोरल्या मालकांनी कापड विकले, धाकट्या मालकांनी आधी उधारी विकली आणि मग जमीन. मी चाळीस वर्षे काचेमागची सजावट केली. रस्त्यावरून जाणाऱ्याचा पाय अडला पाहिजे, एवढेच माझे काम होते आणि ते मला चांगले येत होते.

कलम १. माझ्या दोन कात्र्या, टाचण्यांचे डबे, रंगांच्या बाटल्या आणि लाकडी पेटी ही सध्याच्या सजावट विभागातल्या मुलींना द्यावी. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. कापलाच तर निदान मला कळणार नाही, एवढे समाधान आहे.

कलम २. माझी जुनी शिडी दुसऱ्या दालनाच्या सजावटप्रमुखांना द्यावी. बक्षीस मिळालेली सोनेरी छत्र्यांची खिडकी, म्हणजे काचेमागची सजावट, माझी होती. बक्षीस घ्यायला मात्र हे गृहस्थ स्टेजवर गेले, आणि उतरताना मला म्हणाले, "बाई, आपण सगळे एकच टीम ना." शिडीची तिसरी पायरी खिळखिळी आहे. हे त्यांना सांगायलाच हवे असे नाही.

कलम ३. माझ्या घरात दुकानाच्या काचेतला एक पुतळा आहे, उजवे मनगट तुटलेला. भंगारात चालला होता, मी टॅक्सीने घरी आणला. पंधरा वर्षे माझी ओढणी आणि छत्री तो सांभाळतो. त्याला कुणी नेणार नाही हे मला ठाऊक आहे. निदान खिडकीतून दिसेल असा उभा करून ठेवू नये, खालची मुले घाबरतात.

कलम ४. बँकेतली शिल्लक आणि कंपनीचे शेअर, जे काही असतील ते, दुकानाच्या तळघरात कपडे दुरुस्त करणाऱ्या विभागातल्या बायकांना समान वाटून द्यावेत. का, ते पुढच्या कलमात येईल. उधारी विभागाच्या साहेबांना काही नाही. आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायची, मग गार पाणी, मग पेन, ही रीत त्यांची. त्या खुर्चीवर बसलेला माणूस सही न करता उठलेला मी पाहिला नाही.

कलम ५. माझी राहती सदनिका, नववा मजला, आतल्या सामानासह, मी माझ्या धाकट्या बहिणीला देते.

हे वाक्य एका ओळीचे आहे, पण ते लिहायला मला चार महिने लागले. वकील म्हणाले, कारण लिहायची सक्ती नाही. माझ्यावर आहे.

आमच्या आईवडिलांचे घर याच जागेवर होते, गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर. दोघी बहिणींच्या नावावर. वर माझी खोली, मागे बहिणीचा संसार आणि पुढे तिच्या नवऱ्याचे शिवणकामाचे दुकान. गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणत, मीही. गिऱ्हाईक दारातून आत येऊन बसेपर्यंत मास्तरने मनात माप घेतलेले असे, टेप नुसती गळ्यात शोभेला. मी ऑफिसला निघाले की दोऱ्याचे टोक दाताने तोडत म्हणायचा, "ताई, तुमच्या पुतळ्यांना सांगा, पोट आत घेऊन उभं राहू नका, आमच्या गिऱ्हाइकांना लाज वाटते."

धाकट्या मालकांना गल्ली हवी होती. एका बैठकीत ते म्हणाले, "माणसाला घर आपण द्यायचं, घरातलं सामान आपण द्यायचं आणि दोन्हीचे हप्ते आपल्याकडेच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले. जमीन विभागाच्या माणसाला गल्लीत कुणी दारात उभे करत नव्हते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही तिथल्याच. नव्या गल्लीचं एक मॉडेल करून खालच्या काचेत लावा. लोकांना डोळ्यांनी दिसू दे."

एकोणीस दिवस खपून मी ते केले. पुठ्ठ्याच्या इमारती, काड्यांची झाडे, प्रत्येक खिडकीत दाण्याएवढा दिवा. नकाशावर कोपऱ्याची जागा कोरी होती. आमच्या कामात काचेमागे मोकळी जागा ठेवत नाहीत, मोकळ्या जागेपाशी गिऱ्हाइकाची नजर सुटते. म्हणून मी तिथे मास्तरचे दुकान बसवले. नखाएवढे शिलाई मशीन, गळ्यात टेप अडकवलेला माणूस, वर पाटी. कुणी सांगितले नव्हते. मला ते तिथे शोभले, एवढेच. धाकट्या मालकांनी पाहिले, हसले आणि म्हणाले, "राहू दे, छान दिसतंय."

संध्याकाळी सगळी गल्ली काचेपुढे उभी होती. मास्तर वाकून वाकून बघत होता. मला म्हणाला, "ताई, माझा चष्मासुद्धा ठेवलात की हो!" बाकीच्यांनी कागद नीट वाचले की नाही मला ठाऊक नाही. मास्तरचे दुकान कोपऱ्यावर पाहिले आणि आपलेही बरे होईल अशी त्यांची खात्री पटली.

इथवरचे मी लोकांना सांगत आले आहे. पुढचे आजवर कुणालाही सांगितलेले नाही.

सह्यांच्या दोन दिवस आधी मॉडेलला रंग भरण्यासाठी शेवटचा नकाशा माझ्या टेबलावर आला. कोपऱ्यावर गाड्या तळघरात उतरण्याचा उतार दाखवला होता. दुकान नव्हते, दुकानाएवढी जागाच नव्हती. नकाशा घेऊन मी वर गेले. धाकटे मालक म्हणाले, "दुकानाचं नंतर बघू. आत्ता ते काढलंत तर गल्ली बिथरेल." आणि त्याच दमात म्हणाले, "नवव्या मजल्यावरची एक जागा तुमच्यासाठी ठेवलीय, बरं का."

मी घरी आले. मास्तरने नव्या दुकानासाठी हप्ता कार्डावर विजेवर चालणारे मशीन आणले होते. बहीण फडक्याने ते पुसत होती, पुसायची काही गरज नसताना. मास्तरने विचारले, "ताई, कोपऱ्यावर उजेड कुठल्या बाजूनं येईल? डावीकडून आला तर हाताची सावली शिवणीवर पडत नाही."

मी म्हणाले, "डावीकडूनच येईल."

तिसऱ्या दिवशी त्यांनी सह्या केल्या. बहिणीने कागद उलटूनही पाहिला नाही. "ताई म्हणते ना, मग झालं," असे म्हणून तिने माझ्या नावाखाली आपले नाव लिहिले.

घर पडले, उतार झाला. सगळ्यांना लांब, गावाबाहेर खोल्या मिळाल्या, मला नववा मजला. मशीनचे हप्ते थांबत नव्हते, म्हणून मास्तर आमच्या कंपनीच्या दुकानात, तळघरात, कपडे दुरुस्तीला लागला. ज्याने गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कपडे बेतले, तो तयार विजारींचे पाय आखूड करत सहा वर्षे बसला. मला कोपऱ्यावरच्या दुकानाबद्दल त्याने एकदाही विचारले नाही. एकदा मीच खाली गेले, तर हसून म्हणाला, "इथं ट्यूबलाइट आहे ताई. डावी-उजवी भानगडच नाही." तो मला टोमणा मारत नव्हता, मास्तरला टोमणा मारता येत नसे. मी वर येऊन साठवणाच्या खोलीत पुतळ्यांमध्ये बसून रडले. मग तोंड धुऊन पुढची खिडकी लावली.

तो आजारी पडला, आणि हाताला सुई धरवेना तेव्हा त्याला घरी पाठवले. आठ महिन्यांत गेला. मी बहिणीच्या दारात गेले, तेव्हा तिने दाराची कडी हातातून सोडली नाही. म्हणाली, "वर बरं चाललंय ना तुझं? मग वरच राहा." त्याला अकरा वर्षे झाली. तिला वाटते की कंपनीने सगळ्यांच्या तोंडाला पाने पुसली आणि माझ्याही. तिचा राग माझ्या भोळेपणावर आहे, मी वरच्या मजल्यावर जाऊन बसले यावर आहे. मला ठाऊक होते, हे तिला ठाऊक नाही.

हे आता तुलाच लिहिते, धाकटे: मला ठाऊक होते. दोन दिवस आधीपासून ठाऊक होते आणि मी मूग गिळून बसले. आता एवढेच म्हणते की त्या दिवसांत मी भानावर नव्हते. एकोणीस दिवस धड झोप नव्हती, काचेपुढची गर्दी पाहून डोके फिरले होते, इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणी काही देऊ केले होते. माणूस तेव्हा शुद्धीवर असतोच असे नाही. तू मला माफ कर असे मी लिहीत नाही. घर घे. तेवढे घे. जागा तुझीच आहे, उंचावर गेली आहे इतकेच. तू घेतलेस तर मला सुखाने डोळे मिटता येतील, आणि नाही घेतलेस तर काय होईल याचा विचार मी अजून केलेला नाही.

कलम ६. वरच्या कलमांतून जे उरेल किंवा काही कारणाने जे कलम पडेल, त्यातले सर्व काही कलम ४ मधल्या बायकांकडे जावे.

पुरवणी. ही आजच, वकिलांच्या टेबलावर, शेवटच्या सह्यांच्या आधी लिहिली आहे.

कलम ५ साठी पत्ता पडताळायला वकिलांनी काल माझ्या बहिणीला फोन केला. मी येते, म्हणाली. आज आली. केस पूर्ण पांढरे झाले आहेत, हे मला कुणी सांगितले नव्हते. तिने चष्मा लावून सगळे मृत्युपत्र वाचले, पाचव्या कलमाशी आल्यावर पान परत मागे उलटले आणि पुन्हा वाचले. मी तिच्या हातांकडे बघत होते. अकरा वर्षांचे ओझे एकदम उतरेल किंवा एकदम अंगावर कोसळेल, असे वाटत होते. दोन्ही झाले नाही.

तिने वकिलांना विचारले, "साक्षीदार कोण?"

वकील म्हणाले, "एक आमचे टायपिस्ट. दुसरे शेजारी येणार होते, अजून पोचले नाहीत."

"मी करते सही."

"तुम्हाला नाही करता येणार, बाई. म्हणजे करता येईल, पण या कागदावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला या कागदातून काही मिळत नाही. तुमचं कलम पडेल. घर जाईल."

"नक्की?"

"नक्की."

"मग द्या पेन," ती म्हणाली.

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, आता कलम ५ खोडून टाकू, ठेवून उपयोग नाही. मी म्हणाले, खोडायचे नाही. पडायचे असेल तर पडू दे, पण मी दिले होते हे लिहिलेले राहू दे. बहिणीने त्यालाही हरकत घेतली नाही.

मागच्या पानांवर सह्या करताना कागद सरकला. तेव्हा तिने पलीकडून कागदाची कड बोटांनी दाबून धरली. माझे नाव पुरे होईपर्यंत तिने बोटे उचलली नाहीत. एवढ्या जवळून मी तिचा हात पाहिला त्याला अकरा वर्षे झाली. हे मालमत्तेत मोडत नाही, पण लिहून ठेवते.

वरील सर्व मजकूर माझा आहे, मी तो वाचला आहे आणि मला तो मान्य आहे.

स्थळ: वकिलांचे ऑफिस, दुसरा मजला
दिनांक: १७ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी सव्वातीन

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले, वकिलांचे टायपिस्ट: लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरी, लिहून ठेवणाऱ्या बाईंची धाकटी बहीण, स्वतःच्या अक्षरात: ताईने माझ्यासमोर सही केली. ती पूर्ण शुद्धीवर आहे. तेव्हाही होती. (सही)