धरणातल्या शाळेचा चौथरा

तीर्थस्वरूप शुभांगीताईस, धाकट्या गोरखचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? इतक्या वरच्या मजल्यावर हवा कोरडी असते, तिथे गुडघे दुखत नाहीत, असं गेणबाचं मत आहे (त्याने चढलेला सगळ्यात उंच मजला म्हणजे आपला डोंगर). साहिल ऑफिसातून घरी पोचतो का, की हिंजवडीच्या चौकातच संसार मांडलाय? रोहिणीला आशीर्वाद, दिशाला पापा. इकडे सर्व क्षेम, म्हणजे काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नाही.

तर आपली शाळा बंद होते आहे. बंद म्हणायचं नाही, पलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन म्हणायचं (दुधात साखर विरघळते तसं, फक्त दूध डोंगरापलीकडे आहे आणि साखरेने चालत जायचंय). त्यावर शाळा कमिटीने तोडगा काढला, की शाळेचा इतिहास लिहायचा. राणीच्या राज्यात निघालेली, गाव धरणात गेल्यावर डोंगरावर येऊन बसलेली शाळा. एवढ्या म्हातारीला हात लावायला कोण धजेल? (म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत असा अनुभव नाही, पण असो.) मी वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करतो, तेव्हा मला इतिहास येतच असणार, असं सर्वानुमते ठरलं.

मग मी रोज धरणाकाठी जाऊन बसू लागलो आणि तिथेच घात झाला. उन्हाने पाणी उतरलंय. जुन्या गावचे बांध, पायवाटा, कुणाच्या तरी अंगणाची फरशी असं एकेक वर आलंय, आणि शाळेचा चौथरा पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा दिसतो. सकाळी धुकं असतं. त्यात बघत राहिलं की वाटतं, खाली अजून पाढे चालले आहेत, मास्तर छडी आपटताहेत, फक्त आवाज वर यायला शंभर वर्षं लागताहेत. एक ओळ लिहावी, पाण्याकडे बघावं, तेवढ्यात दुपार. आपल्या गावची रीतच होती, पहिलीत जाणारी पोरं या चौथऱ्यापाशी आणायची, चपला काढून, आणि ओल्या गाळात बोटाने श्री काढायला लावायचा. पावसाने पाणी वर चढेल तेव्हा ज्याचा श्री आधी पुसला जाईल ते पोर हुशार. म्हणून प्रत्येक आई पोराला पाण्याकडे ढकलायची. आपल्या आईने तर तुला थेट पाण्यातच श्री काढायला लावला. तो कुणालाच दिसला नाही, तरी तू पहिली आलीस.

हाच चौथरा दाखवायला आम्ही तालुक्याच्या अधिकारी वैष्णवी मॅडमना घेऊन गेलो. नारळ, शाल, खुर्ची (खुर्ची गाळात रुतली आणि मॅडम हळूहळू आमच्याहून बुटक्या झाल्या). त्यांनी विचारलं, दगडांत या लोखंडी कड्या कशासाठी? गेणबा, आमचा कमिटीचा अध्यक्ष, तत्काळ म्हणाला, "पोरं पळून जायची. बांधून ठिवायचे." मॅडम लिहून घेणार, एवढ्यात धोंडाबाई, गावातली सगळ्यात जुनी बाई, मागून बोलली, "कसली शाळा? कोंडवाडा हाय ह्यो. चुकार गुरं बांधायचा. माझ्या सासूनं डोळ्यानं बगितल्याला. शाळा तितं, पार मदी." तिने बोट केलं तिथे नुसतं निळं, खोल पाणी होतं. तिथलं काहीच कधी वर येत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कोंडवाड्याला नमस्कार करून शिकलो होतो. सरपंच किशोर गेणबाकडे बघून हळूच म्हणाला, "तरीच." गेणबा उसळला. "म्हातारे, आजपातूर बोलली का न्हाईस?"

"बुडाल्याल्या शाळंत पोरं कशी न्यायची, बाबा? जे वर येतंय तितं न्यायची."

ताई, मी लिहिलेला सगळा इतिहास या वाक्यापुढे फिका पडला. मग मॅडम रुतलेल्या खुर्चीतून उठून म्हणाल्या, इतिहास असू द्या, यंदा पहिलीत कोण आहे ते दाखवा. पहिलीत कुणीच नाही. गावातली तरणी मंडळी तुमच्याकडे खोल्या भाड्याने घेऊन राहतात, पोरं तिकडेच जन्मतात. मॅडमनी वाट काढून दिली: शाळा उघडेल त्या दिवशी त्या पुन्हा येतील, पहिलीच्या वर्गात एक जरी मूल बसलेलं दिसलं तरी यंदाचं वर्ष शाळा राहील.

तब्येतीस जप.

तुझा,
गोरख

ता. क. दिशा यंदा पहिलीत जायची ना?

ता. क. दुसरा : सून ऐकणार नाही असं तू म्हणशील, म्हणून रोहिणीला मी आधीच फोन केला. ती म्हणाली, "मामा, एक वर्ष पाठवते. इथे ती लिफ्टखेरीज कुणाशी बोलत नाही. पण आईंनाही न्या. त्या दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघतात आणि मी विचारलं की छान करमतंय म्हणतात." तेव्हा हे पत्र दिशासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. पोर तयार आहे, आजी तयार आहे का?

ता. क. तिसरा : साहिल-रोहिणीला शाळा घराच्या जवळ आहे असं सांगितलंय. चढाचं बोललो नाही, तूही बोलू नकोस. सोमवारी शाळा उघडते. तुम्ही दोघी आलात तर मंगळवारीही उघडेल.