आप्पासाहेबांचा माल त्यांच्याच फाटकात

अहमदनगर, ७ जानेवारी १९७१

चि. सौ. पुष्पास,

अ. आ. वि. वि. तुझ्याविरुद्ध गंभीर तक्रार आहे. तू मागितलेली बाभळीची साल धुऊन पाहताना माझ्या पांढऱ्या धोतराने संन्यास घेतला. ते आता भगवं आहे. तुझ्या वहिनीने मठ कुठला, म्हणून विचारलं.

साल एस.टी.ने धाडली आहे. आमच्या कॉलेजात मी संस्कृत शिकवतो तसे लालमहंमद रसायन शिकवतात. ते म्हणतात, तांबडं पाणी सुटायचं थांबेतो साल धुवावी, पिंपात दाबून भरावी आणि आप्पासाहेबांच्या कारखान्याचं पिवळं पाणी तिच्यातून गाळावं. सायकलच्या हँडलांना चकाकी देणारं क्रोम त्या पाण्यात असतं, ते साल धरून ठेवते; मग ते तुमच्या विहिरीत उतरत नाही. आप्पासाहेब आडवे येतील. तू हटू नकोस.

आशीर्वाद आहेतच. रागावून का होईना, पत्र लिही.

तुझा दादा
गोरक्षनाथ


सुपा, ३ फेब्रुवारी १९७१

ती. दादांस,

सा. न. वि. वि. पाणी पिवळं आत जातं, नितळ बाहेर येतं. कारखान्याचा नाला जातो तिथे, आमच्याच बांधावर पिंपं मांडली आहेत. आप्पासाहेबांनी येऊन ह्यांना विचारलं, की बाई लई शिकलेली हाय का. हे म्हणाले, की व्हय, आन् ऐकत बी न्हाई.

एक घोटाळा झाला. काही वाया घालवायचं नाही हा सासूबाईंचा बाणा. त्यांनी वापरलेली साल खतासाठी उकिरड्यात टाकली. साल कुजली की क्रोम मोकळं होऊन शेतात जाणार! सगळी वेचली, बैलगाडीत भरली आणि आप्पासाहेबांच्या फाटकात ओतली. तुमचाच माल आहे, सांभाळा, म्हटलं. त्यांनी फौजदाराचं नाव काढलं. मी म्हटलं, जरूर बोलवा, आणि चहा तुमच्या नाल्याच्या पाण्याचा करा.

विहिरीच्या पाण्याची बाटली पाठवते आहे, तपासून घ्या. वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
पुष्पा


अहमदनगर, १४ फेब्रुवारी १९७१

चि. सौ. पुष्पास,

अ. आ. वि. वि. लहानपणी तुला स्तोत्रं शिकवली, त्यांतून हे कधी उगवलं कळेना. पुढची गाडी नेशील तेव्हा मी शेजारी बसेन. फौजदार आलाच तर संस्कृतात जबानी देतो. तो आपण होऊन उठेल.

लालमहंमदांनी बाटली तपासली. विहिरीत क्रोम आहे. नाल्यातलं अडलं, तर विहिरीतलं हळूहळू कमी होईल म्हणतात. तोवर प्यायचं पाणी वरच्या अंगाच्या विहिरीचं आणा, आणि घरचं पाणी वाया जातं असं सासूबाई म्हणाल्या, तर माझं नाव सांगून दटाव. मायेत कमी करू नकोस.

आप्पासाहेबांची मला धास्ती नाही. पण कारखाना आल्यापासून दोन वर्षं तुम्ही सगळे ते पाणी प्यायलात, पोरंही प्यायली. अंगात गेलेलं कशाने निघतं, असं मी लालमहंमदांना विचारलं. त्यांना माहीत नाही. पुष्पे, मला फार भीती वाटते.

तुझा दादा